अनुभव धागा : आघातानंतर समोरच्याचं मन कळतं का?

रेवा_लोकल
११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत सात स्फोट झाले. त्यातल्या एका गाडीत, शेजारच्या डब्यात मी होते. अंगाला खरचटलंही नाही. पण नंतर सासूबाई गप्प बसून मेथी निवडत असल्या तरी वाटायचं, माझ्यावर धुमसतायत. पेपर वाचताना नवऱ्याच्या कपाळाला आठी पडली की छातीत धडधडायचं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी समजावलं, की मेंदू सतत धोक्याच्या पाळतीवर असला तर कोऱ्या चेहऱ्यातही राग दिसू लागतो. पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) म्हटलं की भयस्वप्नं आणि दचकणं यावरच बोललं जातं. आपल्या माणसांचं मन ओळखण्यात काय फरक पडला, ते लिहाल का? स्वतःचं किंवा जवळच्या कुणाचं. घटनेचा तपशील सांगायची गरज नाही.

उमरगेकर
आमच्या अण्णांचं तुमच्या उलट. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६ चा किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, गाव उशिरा झोपलेलं. दगडमातीच्या भिंतीखाली आजी आणि धाकटी बहीण गेली. त्यानंतर अण्णा कुणाच्या मयतीला रडले नाहीत. ताईच्या पाठवणीला सगळा मांडव रडत होता आणि हे जीपवाल्याशी भाड्याचा हिशेब करत उभे. भावकी म्हणायची, दगड झालाय. पण पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो तेव्हापासून रात्री उठून बॅटरीच्या उजेडात आम्हा प्रत्येकाचं अंथरूण बघायचे. माया कुठं गेली नव्हती. खूप वर्षांनी स्वतःहून बोलले, "तुमी रडताय ते दिसतंय, पण आत काय हालत नाही."

कोरेगावची
माझे मिस्टर फौजेतून रिटायर झाले, बरीच वर्षं काश्मीरमध्ये होते. एसटी स्टँडवर कोण भांडण काढणार हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं, आणि खरं निघतं. तीच नजर घरात चुकते. मुलगा क्लासवरून उशिरा आला की "मुद्दाम करतोय, मला डिवचायला." दुसरं काही कारण असेल हे त्या क्षणी सुचतच नाही. शांत झाले की सुचतं. म्हणजे समज गेलेली नाही, भीती चढली की ती चालत नाही. मी मायेनं खांद्यावर हात ठेवला तरी अंग ताठ होतं. आता ते डॉक्टरांकडे जातात, आणि आम्ही घरात तोंडानं सांगतो, "दमलेय, रागावले नाही." आधी नाटकी वाटायचं. आता मुलगाच फोन करतो, "बस चुकली, बाकी काही नाही."

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितेय. माझा आघात एका दिवसाचा नाही. लहानपणी वडिलांच्या चपलांच्या आवाजावरून कळायचं, आज मार आहे की नाही. मैत्रिणी म्हणतात, तुला माणसं किती पटकन कळतात! मला त्यांचे राग कळतात. कुणी मनापासून कौतुक केलं तर याला माझ्याकडून काय हवंय, हेच शोधत राहते.

समुपदेशक_नाशिक
पीटीएसडी असलेल्या प्रत्येकाला असं होतं असं नाही, अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. झोप उडालेली असते, सोबत नैराश्य असतं, कधी दारू, त्यामुळे कशाचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. पण समोरच्याची भावना दिसणं, ती आपल्या आत जाणवणं आणि त्याचा हेतू ओळखणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अण्णांना दिसत होतं, जाणवत नव्हतं. कोरेगावच्या ताईंकडे धोका बरोबर कळतो, हेतू चुकतो. कृपा करून अशा माणसावर 'याला कुणाची पर्वा नाही' असा शिक्का मारू नका. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धत) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं त्रासदायक आठवणींवर काम करणारी पद्धत) असे उपचार आहेत. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

उमरगेकर
वहिनी, मिस्टर दवाखान्यात जायला तयार कसे झाले? अण्णा "मी येडा हाय का" म्हणून उठून जातात.

कोरेगावची
भाऊ, यांच्यापुढेही मनाचा डॉक्टर म्हणायची सोय नव्हती. झोपेसाठी म्हणून नेलं. झोप लागत नाही हे त्यांना स्वतःला पटत होतं. मुलाचा विषय नंतरच्या भेटीत डॉक्टरांनीच काढला. अण्णांनाही झोपेवरूनच विचारून बघा. आणि पहिल्या दिवशी तुम्ही सोबत आत जा, रात्री किती वेळा उठतात ते स्वतः सांगणार नाहीत.