मदत हवी आहे: गांजाच्या जातींचा वास आणि परिणाम वेगवेगळा का?

नमस्कार मंडळी. मी इंदूरच्या एका कॉलेजात बीएस्सीला वनस्पतिशास्त्र शिकवते. सुगंधी द्रव्यांच्या तासाला मुलांनी हा प्रश्न विचारला. इथे भांगेची परवान्याची दुकानं असल्यामुळे कुतूहल साहजिकच आहे, आणि मला त्यांना अर्धवट उत्तर द्यायचं नाही.

मादी फुलांवरच्या चिकट, बारीक ग्रंथींमध्ये टर्पीन, म्हणजे वास देणारी संयुगं, तयार होतात हे माहीत आहे. लिमोनीनचा वास लिंबाच्या सालीचा, पायनीनचा चीडाच्या (पाइनच्या) झाडाचा. कॅरिओफिलीन तर इथल्या सियागंज बाजारात मिरी-लवंगेच्या पोत्यांपाशी उभं राहिलं की नाकात शिरतं तेच! ते शरीरातल्या सीबी२ ग्राहींना (गांजातली द्रव्यं जिथे जोडली जातात अशा पेशींवरच्या प्रथिनांना) जाऊन चिकटतं, हे मला फारच विलक्षण वाटतं. काही जातींचा तो उग्र दर्प मात्र गंधकाच्या संयुगांचा. नशा आणणारं टीएचसी आणि तशी नशा न आणणारं सीबीडी या गांजातल्या दोन मुख्य द्रव्यांचं मूळ एकच, सीबीजीए नावाचं आम्ल. त्यातून काय जास्त बनणार हे मुख्यतः जनुकं ठरवतात.

अडलंय ते पुढे. नशेतला फरक टीएचसी-सीबीडीच्या प्रमाणावरून समजतो, पण त्यात टर्पीनांचा खरंच वाटा आहे का? माणसांवर झालेले नीट प्रयोग कुणी वाचलेत? आणि एकाच झाडाची कलमं वेगळ्या मातीत, वेगळ्या उन्हात वाढवली तर वास कितपत बदलतो? गांजाच्या दोन प्रकारांबद्दलचं ‘इंडिकाने झोप, सटायव्हाने तरतरी’ हे प्रचलित विधान वर्गात सांगायला माझं मन धजत नाही.

१९८५च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे फुलांचे नमुने वर्गात आणणं शक्य नाही, तेव्हा वाचायलाच काहीतरी सुचवा. रसायनशास्त्र किंवा औषधशास्त्रातल्या कुणी लिहिलं तर फार बरं होईल.