हापशासाठी पैसे जमवलेत, पण नुसता हापसा देऊन भागेल का?

थेंबभर:
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसच्या ग्रुपने वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला काढलेत, एका गरीब वस्तीला पिण्याच्या पाण्याची सोय करून द्यायची म्हणून. मी स्वतः जाऊन बघितलंय, बायका आणि शाळकरी मुली ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरतात, एक हंडा भरायला इतका वेळ लागतो की मागची बाई खाली बसूनच घेते. एक संस्था बोअर मारून हापसा बसवून देतो म्हणतेय, वर आमच्या ग्रुपच्या नावाची पाटीही लावणार आहे. बाकीचे खूश आहेत पण मला धाकधूक वाटतेय. पैसे देण्याआधी काय काय विचारू? हापसाच द्यावा, की फिल्टर, की आधी संडास? आमच्यातलं कुणीच या कामातलं नाही, प्लीज जरा सविस्तर सांगा.

पाना_आणि_चेन:
ताई, पहिलं हे विचारा की हापसा बिघडला की दुरुस्त कोण करणार आणि सुटे भाग कुठून येणार. मी बरीच वर्षं हापसे दुरुस्तीच्या गाडीवर होतो. एका वस्तीत गेलो तर हापसा आठ महिने बंद, दांडी मारून बघितली तर एकदम हलकी लागली, खाली पाण्याचं वजनच नाही, तेव्हाच कळलं की वायसर, म्हणजे पाणी वर ओढणाऱ्या पिस्टनवरची रबरी चकती, गेलाय. तळहातावर मावेल एवढी ती वस्तू, पण असते खाली सिलिंडरमध्ये, आणि इंडिया मार्क टू हापशाचा सिलिंडर काढायचा म्हणजे तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप क्लॅम्प लावून एकेक करत वर खेचायचे, त्याला माणसं लागतात, अवजारं लागतात, आणि वस्तीकडे साधा पानासुद्धा नव्हता. बसवून देणारे फोटो काढून गेले ते गेलेच, आणि बाया आठ महिने परत ओढ्यावर. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

मार्क टू वाईट आहे असं मुळीच नाही, आपल्या सोलापूर पंपावरूनच तो घडवला आणि कितीतरी देशांत चालतो. पण पाणी ३० मीटरच्या आत असेल तर मार्क थ्रीचं विचारा, त्याचा पाइप रुंद असतो त्यामुळे पाइप न काढता नुसत्या रॉड ओढल्या की पिस्टन वर येतो, वस्तीतल्या दोन-तीन बायकांना शिकवलं की काम तिथल्या तिथे होतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत साधारण चारातला एक हापसा बंद असतो असा अंदाज आहे. त्यातले बरेचसे कुणीतरी मनापासून दिलेल्या पैशातूनच बसलेले असणार ना. म्हणून सगळे पैसे बोअरमध्ये घालू नका, एक हिस्सा वस्तीच्या पाणी समितीच्या खात्यात दुरुस्तीसाठी ठेवा, आणि घरटी थोडी का होईना वर्गणी त्यांनी स्वतः ठरवू दे. आणि बोअर भर उन्हाळ्यात तपासायला सांगा, पावसाळ्यानंतर काय, कुठेही पाणी लागतं.

लॅबवाली:
वरच्या दादांना शंभर टक्के अनुमोदन. माझं एकच म्हणणं, पाण्याची तपासणी केल्याशिवाय हापशाचा ओटा बांधू देऊ नका. बांगलादेशात १९७० च्या दशकात लोकांना तळ्या-नद्यांच्या घाण पाण्यापासून सोडवायला युनिसेफच्या मदतीने ट्यूबवेल घातल्या, हेतू चांगलाच होता, पण १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. दिसायला काचेसारखं पाणी, वास नाही, चव नाही, आणि उकळूनही आर्सेनिक जात नाही. लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, फ्लोराइडला दीड मिलिग्रॅम. रिपोर्ट तुम्ही स्वतः मागून घ्या, 'झालीय टेस्ट' एवढ्यावर ऐकू नका.

दुसरं म्हणजे हापशाला चांगलं असलेलं पाणी घरातल्या पिंपात खराब होतं, कारण तांब्या हातासकट आत बुडतो. झाकण आणि लांब दांडीचं ओगराळं, फिल्टरच्या आधी हे द्या. क्लोरीन टाकत असाल तर टाकल्यावर अर्धा तास थांबायचं, आणि पिताना लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम शिल्लक असायला हवं.

शोषखड्डा:
संडासाचं सांगतो. आधी-नंतर असं करू नका, दोन्हीचा विचार एकत्र करा, कारण संडासाचा खड्डा हापशाला लागून खणला तर तुमचे दोन्ही खर्च पाण्यात. निदान ३० मीटर अंतर ठेवा आणि खड्ड्याचा तळ जमिनीतल्या पाण्यापासून दीड मीटर तरी वर हवा. जागा असेल तर दोन खड्ड्यांचंच करा. एक भरला की दुसऱ्यात वळवायचं, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आतलं वाळून खत होतं आणि कुणाला मैल्यात हात घालावा लागत नाही. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गवंडी कधी कधी मजबुतीच्या नादात खड्ड्याचा तळ सिमेंटने बंद करतो, मग पाणी मुरतच नाही आणि सहा महिन्यांत तुंबतं, तेव्हा खड्डा बांधताना कुणीतरी हजर राहा.

थेंबभर:
सगळ्यांचे खूप आभार, सगळं वहीत उतरवून घेतलं आणि संस्थेला फोन केला. दुरुस्तीचं त्यांच्याकडे काहीच ठरलेलं नव्हतं, पण ऐकून घेतलं, ट्रेनिंग द्यायला तयार झाले, पाण्याचा रिपोर्टही देणारेत. पाटीचे पैसे आम्ही अवजारांत घालायचं ठरवलंय. रविवारी वस्तीत जाऊन बायकांशी बोलले, त्यांनी हापशाची जागाच बदलायला सांगितली, आधीची एका घराच्या अगदी दारात होती आणि तिथे बाकीच्यांना पाणी भरताना संकोच वाटला असता म्हणे. हे आम्हाला सुचलंच नसतं. एक आजी मला परत परत विचारत होत्या, पाना आमच्याकडेच राहील ना? दादा, अवजारांची यादी द्याल का?

पाना_आणि_चेन:
देतो की ताई, संध्याकाळी टाकतो. वायसर एकाच्या जागी चार घेऊन ठेवा, आणि पेटीची किल्ली त्या आजींकडे द्या.