टोरंट कोर्टानं संपवलं का स्वस्त नेटनं?

कृष्णाकाठ८२
रविवारी मारुती चौकात चहा घेताना हॉस्टेलच्या जुन्या दोस्ताबरोबर वाजलं. तो म्हणतो गाण्यापिक्चरची फुकट शेअरिंग कोर्टानं बंद पाडली. मी म्हटलं, कोर्टानं कंपन्या बंद पाडल्या, सवय कुठं बंद पडली? १९९९ ला एकमेकांच्या कॉम्प्युटरवरनं फुकट गाणी उतरवायचं नॅपस्टर आलं, त्याच डिसेंबरात रेकॉर्ड कंपन्यांनी केस टाकली, जुलै २००१ मध्ये सर्व्हर बंद. मग काय लोकं सीडी घ्यायला लागली? तसलंच काझा आलं, लाइमवायर आलं, आणि २००१ लाच ब्रॅम कोहेननं बिटटोरंट लिहून ठेवलेलं, मोठी फाइल तुकड्यातुकड्यानं एकमेकांकडनं उतरवायची ती टोरंटची पद्धत. आम्ही सांगलीत बीएसएनएलच्या प्लॅनवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फ्री म्हणून दोनचा अलार्म लावून उठायचो, लाइट गेली तरी जिथं थांबलं तिथनं परत चालू व्हायचं, अर्धी गंमत तीच. हे सगळं थांबलं कधी, तर २०१६ ला जिओचं स्वस्त नेट आल्यावर. कोणी जज आला नव्हता आमच्या खोलीवर.
आणि एक. फेब्रुवारी २००१ ला नॅपस्टरनं कंपन्यांना पाच वर्षांत १०० कोटी डॉलर द्यायची ऑफर दिलेली. घेतली नाही. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं आणि दुकानदार शटर ओढतोय, असला धंदा. माझं म्हणणं एवढंच की चोर कमी आणि आळशी दुकानदार जास्त होते.

जुना_हरभटरोडकर
बरोबर आहे, पण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंच तर नॅपस्टरला उडवलं ना? मग कोर्टाचा काय संबंध नाही कसं म्हणता.

काळाकोट_सातारा
नाही हो, नॅपस्टर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंच नाही, त्याच्या खालच्या, नवव्या सर्किटच्या अपील कोर्टात २००१ लाच गारद झालं. सुप्रीम कोर्टात गेलं ते ग्रोकस्टर, नॅपस्टरसारखंच शेअरिंगचं सॉफ्टवेअर, २००५ ला, आणि तिथं नऊच्या नऊ जज विरोधात.
आता मूळ धाग्याला उत्तर. कृष्णाकाठ साहेब, तुम्ही कोर्टाला उगाच बाजूला काढताय. १९८४ ला व्हिडिओ रेकॉर्डरच्या केसमध्ये, सोनीच्या बेटामॅक्सच्या, तेच कोर्ट ५ विरुद्ध ४ नं म्हणालं होतं की मशीनचा चांगला वापर पण बराच होत असेल तर ती विकणारा दोषी नाही. नॅपस्टर ह्याच छत्रीखाली उभं राहायला गेलं, पण त्यांची गाण्यांची यादी त्यांच्याच सर्व्हरवर होती, म्हणजे काय चाललंय ते दिसत होतं आणि थांबवता पण येत होतं. ग्रोकस्टरवाले हुशार, म्हणाले आमच्याकडं यादीच नाही. कोर्टानं मग त्यांची नियत बघितली. नॅपस्टरच्या गिऱ्हाइकांना मुद्दाम ओढलेलं, फिल्टर लावायचा प्रयत्न नाही, आणि जेवढी चोरी जास्त तेवढी जाहिरातीची कमाई जास्त. सुरा विकणं वेगळं आणि 'ह्यानं शेजाऱ्याला भोसक' म्हणून विकणं वेगळं. ह्यात चूक काय?

कृष्णाकाठ८२
वकीलसाहेब निकाल चूक आहे असं मी म्हणतच नाही, निकालानं काय झालं ते विचारतोय. २००३ पासनं रेकॉर्ड कंपन्यांनी साध्या माणसांवर हजारोंनी केसा टाकल्या. मिनेसोटातल्या एका बाईला २४ गाण्यांसाठी २००९ ला ज्युरीनं १९ लाख २० हजार डॉलर लावले, चोवीस गाणी हो, आमच्या इथं वरातीत एका तासात तेवढी वाजतात. शेवटी ते २ लाख २२ हजारावर आलं, आणि अशा नवीन केसा टाकणं कंपन्यांनी २००८ संपता संपता सोडूनच दिलं.
आणि ही शेअरिंगवाली माणसं पुढं कुठं गेली ते पण बघा. काझावाल्या झेनस्ट्रॉम आणि फ्रीसनं तीच अक्कल वापरून २००३ ला नेटवरनं फोन लावायचं स्काइप काढलं, २००५ ला ईबेनं ते २६० कोटी डॉलरला घेतलं. गाण्याचं ॲप स्पॉटिफाय काढणारा डॅनियल एक (Ek) आधी म्यूटोरंट ह्या टोरंट सॉफ्टवेअरचा सीईओ होता, आणि स्पॉटिफाय स्वतः २०१४ पर्यंत लोकांच्या कॉम्प्युटरवरनंच एकमेकांना गाणी पोचवत होतं. चोरांची विद्या म्हणून जिला शिव्या घातल्या तिच्यावरच पुढं दुकान उभं राहिलं.

मेमरीकार्डवाला
भावांनो मी स्टँडजवळ दुकान टाकलेलं, २००९ ते २०१५. २० रुपयात एक जीबी भरून द्यायचो. लग्नसराईत रांग लागायची, खेड्यावरनं लोकं यायची, म्हणायची दादा निम्मी लावणी निम्मी भजनं भर. तवा आमच्या डोस्क्यात हे चोरी बिरी कायबी नव्हतं बगा, आमच्या आधीचे कॅसेट भरून द्यायचे, आम्ही कार्ड भरून द्यायचो, एवढाच फरक. टोरंट बिरंट करणारा एक पोरगा होता, हार्डडिस्क तो आणून द्यायचा. वकीलसाहेब, आता सांगा मला आत टाकलं असतं का?

काळाकोट_सातारा
दादा खरं सांगू का, टाकता आलं असतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारण लिहून शिक्षा कमी करू शकतं, पण तुम्ही २० रुपये घेत होता, तिथंच अडकलात. २०२२ ला आपल्या सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे हे पण सांगून टाकलंय.

जुना_हरभटरोडकर
मग टी-सिरीजचं काय? गुलशन कुमारनी कायद्यातल्या व्हर्जन रेकॉर्डिंगच्या फटीतनंच जुनी गाणी नव्या गायकांकडनं गाऊन घेऊन स्वस्तात कॅसेटी काढल्या, आणि पुढं तीच कंपनी लोकं गाणी टाकायची त्या मायस्पेस वेबसाइटवर केस घालून दिल्ली हायकोर्टात! २०१६ ला डबल बेंचनं सांगितलं की नक्की कुठलं गाणं ते कळवल्याशिवाय वेबसाइट दोषी नाही. जो तो आपलं दुकान लागेपर्यंत क्रांतिकारक असतो.

पेटीवाला
मघापासनं वाचतोय. धंदा, निकाल, डॉलर सगळं झालं, गाणाऱ्याचं कोणी नाव काढंना. मी मिरजेत शिकलोय, तिथं तंबोऱ्याचा भोपळा कसा निवडायचा ह्यावर माणसं दिवसभर बोलू शकतात, तिथल्या माणसाला 'फाइल' म्हटलं की कसं वाटतं ते जाऊ दे. २०१० ला कर्ज काढून भजनाची सीडी केली, स्टुडिओ, तबलजी, छपाई धरून ५०० नग. खपले ७०. आणि त्याच वर्षी गणपतीत तीन मंडळांच्या स्पीकरवर माझाच आवाज! मी विचारलं सीडी कुठनं घेतली, पोरगं म्हणतं सीडी नाही काका, कार्ड भरून आणलंय. कृष्णाकाठ साहेब, माझ्या केसमध्ये आळशी दुकानदार कोण? मी तर टेबल टाकून देवळाबाहेर बसलेलो.

कृष्णाकाठ८२
पेटीवाले काका, ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. मी मोठ्या कंपन्यांबद्दल बोलत होतो. पण तरी विचारतो, कायदा तेव्हा पण होताच की, तुम्हाला त्याचा काय उपयोग झाला?

पेटीवाला
शून्य. वकिलाची फी सीडीच्या खर्चापेक्षा जास्त. पण म्हणून स्वस्त नेटनं सगळं ठीक केलं असं पण म्हणू नका. आता तीच भजनं ॲपवर टाकावीत म्हटलं तर टाकायला नाहीयेत. उरलेल्या सीड्या आणि मास्टर भावाकडं सांगलीवाडीला ठेवलेलं, २०१९ च्या पुरात सगळं गेलं. माझ्याकडं माझीच एक कॉपी नाही.

मेमरीकार्डवाला
काका, पयलं भजन पेटीवर एकटंच सुरू होतंय आणि मग टाळ येतात, ती सीडी का? बारीक आवाजात कोण तरी खोकतंय पण मधी?

पेटीवाला
तबलजी खोकलेला. परत रेकॉर्ड करायला पैसे नव्हते.

मेमरीकार्डवाला
मग हाय माझ्याकडं. जुनी हार्डडिस्क माळ्यावर हाय, चालू होती मागच्या दिवाळीपर्यंत. फोल्डरचं नाव 'भजन न्यू २' असंल. पेनड्राइव्ह घिऊन या.

काळाकोट_सातारा
मी हे वाचलेलं नाही.

पेटीवाला
येतो मंगळवारी. पण २० रुपये देणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.