फुनमिलायो रॅन्सम-कुटी: शाळेतल्या बाई मोर्चात कशा आल्या?

कोरांटी:
फेला कुटी ह्या नायजेरियन गायकाची गाणी ऐकता ऐकता त्याच्या आईपर्यंत पोचले. नायजेरियातल्या अबेओकुटाच्या ह्या. जिथे बघावं तिथे दोनच गोष्टी, एक फेलाची आई आणि दुसरं म्हणजे राजाला गादी सोडायला लावणारी बाई. पण मुळात त्या शिक्षिका ना? इंग्लंडला शिकून आलेली, चर्चवाल्या घरातली बाई बाजारातल्या बायकांची पुढारी कशी झाली, हा मधला भाग कुणी नीट सांगेल का?

दगडफूल:
एकदम नाही झाल्या, वीसेक वर्षं गेली त्यात. 1914 ला अबेओकुटा ग्रामर स्कूलने मुली घ्यायला सुरुवात केली तेव्हाच्या पहिल्या मुलींपैकी ह्या. 1919 ला इंग्लंड, 1922 ला परत, आणि मग त्याच शाळेच्या मुलींच्या विभागात शिकवायला लागल्या. फ्रान्सेस हे आपलं इंग्रजी नाव टाकून दिलेलं. 1932 चा लेडीज क्लब म्हणजे आपलं महिला मंडळच, शिकलेल्या बायका, शिवणकाम वगैरे. खरी गंमत पुढे, 1940 नंतर बाजारातल्या बायकांसाठी साक्षरता वर्ग सुरू झाले आणि अक्षरं गिरवता गिरवता बायका आपली रड सांगायला लागल्या. युद्धाचे दिवस, सरकारी माणसं तांदूळ उचलून नेत. त्यात कर, तोही मुलींना 15 व्या वर्षी आणि मुलांना 16 व्या, आणि वय ठरवायला वसुलीवाले पोरींचे कपडे उतरवायचे. हे ऐकून कुठली बाई नुसती बाराखडी शिकवत बसेल? 1946 ला क्लबची वुमेन्स युनियन झाली.

तिखटजाळ:
+१. मोर्चांची तयारी वाचा, त्यात अस्सल मास्तरीण दिसते. मोर्चाला परवानगी मिळेना तर म्हणे पिकनिक आहे! अश्रुधूर आला तर काय करायचं, नळकांडं उचलून परत कसं फेकायचं, ह्याची रीतसर तालीम घेतली होती. 1947 ला हजारो बायका राजवाड्यासमोर ठाण मांडून, राजाच्या नावाने शिव्यांची गाणी. जानेवारी 1949 ला आलाके (तिथला राजा) पायउतार झाला, बायकांचा कर गेला. आफ्रिकेची सावित्रीबाई आहे ही!

दगडफूल:
सावित्रीबाई नको हो मध्ये. तिकडे जातीचा प्रश्न नव्हता, इंग्रजांनी राजाला हाताशी धरून कर लादलेला, तो वेगळा मामला. आणि 1950 च्या शेवटी राजा परत आला, हे कुणी सांगत नाही.
अवांतर: इंग्रजी फाडफाड येत असून गोऱ्या अधिकाऱ्यांशी मुद्दाम योरुबात (तिथल्या भाषेत) बोलायच्या, दुभाषा शोधत बसा म्हणावं. कपडेही योरुबा पद्धतीचे, बाजारातल्या बायकांसारखे. नवराही हेडमास्तर, शिक्षक संघटनेचा पहिला अध्यक्ष, त्यामुळे घरात सभा-ठराव रोजचेच.

कोरांटी:
भारीच! शेवट मात्र वाईट ना? 1977 ला सैनिकांनी फेलाच्या घरावर धाड घातली तेव्हा खिडकीतून फेकलं असं वाचलंय. आणि त्या तांदळाचं काय झालं?

दगडफूल:
हो, सत्तरी ओलांडलेली बाई. 1978 ला गेल्या. तांदळाचं म्हणाल तर आधी अधिकाऱ्यांकडे खेटे घातले, कुणी दाद देईना. मग सरळ पेपरात छापून आणलं, तेव्हा कुठे जप्ती थांबली.