गाळा घ्या म्हणे, आणि निवांत बसा!

निगडीचा_निवृत्त:
परवा इथे एका सद्गृहस्थांनी पोस्ट टाकली होती, 'एफडीत पैसे कुजवू नका, ८० लाखाचा शॉप घ्या, ८ टक्के भाडं घरबसल्या, वर किंमत वाढते ती वेगळीच.' खाली 'डिटेल्स प्लीज'ची रांग. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय, कंटाळा येईल त्यांनी पुढे सरका.

अहो, ८० लाख ही बोर्डावरची किंमत. बांधकाम चालू असलेल्या कमर्शियल बिल्डिंगीत घेतला तर १२ टक्के जीएसटी, म्हणजे ९ लाख ६० हजार. पुण्यात मेट्रो सेस धरून ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, ५ लाख ६० हजार. रजिस्ट्रेशनचे ३० हजार. झाले साडेपंच्याण्णव. आता ८ टक्के म्हणजे महिना ५३ हजार, चला मिळाले. पण ज्या वर्षी भाडेकरू बदलतो त्या वर्षी एक महिना तरी गाळा रिकामा, एक महिन्याचं भाडं ब्रोकरच्या खिशात, प्रॉपर्टी टॅक्स आणि मेंटेनन्स मिळून धरा साठेक हजार. उरले पावणेपाच लाख. साडेपंच्याण्णव लाखावर हे पाच टक्केसुद्धा भरत नाहीत, आणि नावं ठेवायची एफडीला!

आणि घरबसल्या? माझ्या मेहुण्याच्या गाळ्यात चायनीजवाला होता. तो गेला तेव्हा भिंतीला हात लावला तर हात चिकटायचा, ड्रेनेजच्या लाईनीत तेल घट्ट बसलेलं, आणि लाईटबिल मीटर मालकाच्या नावावर म्हणून मालकाच्याच गळ्यात. डिपॉझिट त्यातच संपलं.

गाळामालक_चिंचवड:
काका, तुम्ही मुद्दाम सगळ्यात वाईट वर्ष पकडून हिशोब मांडलात, आमच्याकडे एक मेडिकलवाला आहे तो माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे, दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ न बोलता देतो. शिवाय एफडीच्या व्याजावर पूर्ण टॅक्स आणि भाड्यावर आधी ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुकानाला पण मिळते, हे लिहायला बरे विसरलात? आणि किंमत वाढते ती कुठे धरली? वडिलांनी घेतला तेव्हा स्टेशनच्या बाजूला कोणी फुकट गाळा घेत नव्हतं. मराठी माणूस असाच हिशोब करत बसतो आणि गाळे दुसरेच घेऊन जातात.

निगडीचा_निवृत्त:
३० टक्क्यांचं मान्य, पेढे घ्या. पण 'वडिलांनी घेतला होता' हा गुंतवणुकीचा सल्ला नसतो हो, ते नशीब असतं. आज त्याच स्टेशनजवळ आजच्या भावाने एक घेऊन दाखवा.

लीजिंगवाली:
दोघांनाही एक विचारते, ८० लाख एकाच भिंतीत कशाला घालायचे? रीट नावाचा प्रकार, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून ऑफिसं, मॉल घेणारा आणि त्यांचं भाडं वाटणारा ट्रस्ट, २०१९ पासून बाजारात आहे, एम्बसी पहिला आला, मग माइंडस्पेस, ब्रुकफील्ड, नेक्सस. हिंजवडीचं क्वाड्रॉन ऑफिस पार्क एम्बसीकडे, येरवड्याचं कॉमरझोन ऑफिस पार्क माइंडस्पेसकडे, औंधचा वेस्टएंड मॉल नेक्ससकडे. वाटपायोग्य रकमेतले किमान ९० टक्के युनिटवाल्यांना (युनिट म्हणजे त्यातला छोटा हिस्सा) द्यावेच लागतात आणि आता एक युनिटसुद्धा घेता येतं. कोणाची भिंत घासायची नाही.

गाळामालक_चिंचवड:
ताई, शेअरसारखा भाव खालीवर होतो त्याचं काय? लॉकडाऊननंतर वर्क फ्रॉम होमने ऑफिसं ओस पडली होती, विसरलात? माझा गाळा रोज सकाळी जाऊन बघता येतो, युनिट बघता येतं का?

लीजिंगवाली:
बघायला येतो पण विकायला? युनिट मी सकाळी विकते, दोन दिवसांत पैसे खात्यात. तुमचा गाळा विकायला काढा, मग भेटू दिवाळीला. कोणत्या ते सांगत नाही.

सेक्रेटरी_बी_विंग:
गाळेमालकांचा विषय निघालाच आहे तर आमचंही ऐका. आमच्या बिल्डिंगीखाली सात दुकानं. मालक सगळे बाहेर राहतात, भाडं घेतात, मिटिंगला एक येत नाही. एकाने तंदूर लावलाय, धुराडं सरळ पहिल्या मजल्याच्या बेडरूमच्या खिडकीखाली सोडलंय. गिऱ्हाइकांच्या गाड्या गेटात, पाणी दुप्पट. म्हणून आम्ही ठराव करून दुकानांना मेंटेनन्स तिप्पट लावला आणि भाड्याने दिलं तर वेगळे पाच हजार. आता नोटिसा पाठवताहेत आम्हालाच. यांची 'गुंतवणूक' आणि धूर आम्ही गिळायचा!

गाळामालक_चिंचवड:
सेक्रेटरी साहेब, तुमचा ठराव बेकायदेशीर आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, सेवा शुल्क सगळ्या सदनिकांना समान, आणि 'सदनिका' मध्ये दुकान, ऑफिस, गोदाम सगळं येतं. पाण्याचे पैसे नळाच्या संख्येवर आणि मापावर. आणि भाड्याने दिल्याबद्दल जे लावता ते बिनभोगवटा शुल्क, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, २००१ चा शासन आदेश आहे. पाच हजार कुठल्या पुस्तकातून काढले?

सेक्रेटरी_बी_विंग:
पुस्तक वाचून धूर जातो का? आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजींना दमा आहे, त्यांना वाचून दाखवा तुमचा आदेश.

गाळामालक_चिंचवड:
धुराची तक्रार महापालिकेत करा, मी स्वतः सही देतो. पण एकाच्या तंदूरसाठी शेजारच्या स्टेशनरीवाल्याला तिप्पट बिल हा कुठला न्याय? तुम्हा कमिटीवाल्यांना रिटायर झाल्यावर राज्य करायला दुसरं काही मिळत नाही.

सेक्रेटरी_बी_विंग:
तोंड सांभाळून. मी अजून नोकरीत आहे, रात्री दहाला घरी येतो आणि मग तुमच्या भाडेकरूची ड्रेनेजची कम्प्लेंट बघतो. तुम्ही येता का एकदा तरी बघायला? तुम्हीच म्हणालात ना रोज सकाळी गाळा बघता येतो?

सातारी_तडका:
😂 हा षटकार होता.

बीकॉम_झालो:
जरा विषयावर यायचं का? मला एका ठिकाणी लीजिंग एक्झिक्युटिव्हची, म्हणजे ऑफिसं-दुकानं भाड्याने लावून द्यायच्या कामाची, ऑफर आहे, घरचे म्हणतात शिकून सवरून एजंटगिरी करणार का. यात करिअर आहे का खरंच?

निगडीचा_निवृत्त:
बाळा, बँकेच्या परीक्षा दे.

लीजिंगवाली:
काका, त्याला त्याचं ठरवू द्या. हे बघ, पहिलं वर्ष बिल्डिंगी पायाखाली घालण्यात जातं, कोणाचा करार कधी संपतोय, लॉक-इन, म्हणजे करार मध्येच सोडता न येण्याचा काळ, कधी सुटतंय याची एक्सेल तुझ्याकडे असली तर तू कामाचा, नाहीतर नाही. पगार बेताचा, इन्सेंटिव्ह टार्गेटवर, ते हुकलं की बॉसचं तोंड बघवत नाही. विक्रीची दलाली करायची असेल तर महारेराची, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाची, एजंट परीक्षा देऊन ठेव. बोलणं जमत नसेल तर फॅसिलिटीत, म्हणजे बिल्डिंगीच्या देखभालीत जा, एसीचे चिलर, जनरेटर, फायर एनओसी, लिफ्टचे करार, तिथे माणसं मिळत नाहीत म्हणून सगळे रडतायत. आणि लीव्ह लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, वाचायला शीक, इथले निम्मे मालक न वाचता सही करतात.

गाळामालक_चिंचवड:
आम्ही वाचतो. ६० महिन्यांच्या वर करत नाही आणि रजिस्टर केल्याशिवाय किल्ली देत नाही.

निगडीचा_निवृत्त:
वाचता ना, मग हेही वाचलं असेल की राहत्या घराचा लायसन्सी, म्हणजे अशा करारावरचा भाडेकरू, मुदत संपल्यावर हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं, दुकानाला ती सोय नाही, कोर्टात दावाच लावावा लागतो. तुमचा मेडिकलवाला देवमाणूस आहे, उद्या त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला की?

गाळामालक_चिंचवड:
मुलगा कॅनडाला आहे. आणि काका, तुमच्या मेहुण्याचा गाळा विकायचा असेल तर नंबर द्या, भिंत मी घासून घेतो.

सेक्रेटरी_बी_विंग:
घ्या घ्या. फक्त आधी विचारा, वर पहिल्या मजल्यावर कोण राहतं ते.