प्रतिसाद: तीच मागणी पुन्हा पुन्हा?

ताई, मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थनेत देवाकडे रोज तेच मागावं का, असं तुम्ही विचारलंत. त्यावर "एकदा मागितलं की गप्प बसावं, पुन्हा मागणं म्हणजे अविश्वास" हे वर कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. बायबलमध्ये मत्तय ६:७ इथे येशू प्रार्थनेत व्यर्थ बडबड नको म्हणतो खरा, पण गेथशेमाने बागेत तो स्वतःच तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना करतो. प्रेषित पौलाने "शरीरातला काटा" (म्हणजे त्याला छळणारा त्रास) निघावा म्हणून देवाला तीनदा विनवलं. काटा काही निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे" एवढंच उत्तर आलं. येशूने सांगितलेल्या लूक १८ मधल्या दाखल्यातली विधवा तर न्यायासाठी बेफिकीर न्यायाधीशाला भंडावून सोडते (देव तसा बेफिकीर नाही, हे वेगळं!). मुलाच्या नोकरीसाठी तुम्ही रोज खुशाल मागा. शब्दच सुचेनासे झाले तर स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत, आणि सुरुवातच देवाकडे तक्रारीने होते.