मदत हवी आहे: आयटीआय वायरमनने पीएलसी कुठे शिकावं? (सांगली-मिरज)

कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आयटीआय वायरमन, परवानाही आहे. स्टार-डेल्टा स्टार्टर, पॅनल वायरिंग हे हातचं काम. नव्या मशिनींत मात्र कॉन्टॅक्टर-टायमरच्या जागी पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आलेत, फॉल्ट कोड स्क्रीनवरच दिसतो. आता मोटरचं कंपन आणि तापमान सेन्सरने मोजून बिघाड आधीच सांगणारी एआय सिस्टीम बसवायचं चाललंय. केबल ओढायला, ग्लँड आवळायला माणूस लागणारच. भीती आहे ती फॉल्ट शोधण्याच्या कामाची, कारण आमच्याकडे पगार त्याचाच मिळतो.

यूट्यूबवर लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची आकृतीची पद्धत) बघितलं. एनओ-एनसी (एरवी उघडा आणि एरवी बंद कॉन्टॅक्ट), होल्डिंग (बटण सोडल्यावरही सर्किट चालू धरणं) समजलं. ते आपल्या रिले सर्किटसारखंच आहे. अडतं अ‍ॅनालॉगला, म्हणजे नुसतं चालू-बंद नाही तर कमी-जास्त होणाऱ्या सिग्नलला. 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल बार (दाब) किंवा डिग्रीत (तापमान) स्केल कसा करायचा, हे डोक्यात बसत नाही. लॅपटॉप आहे, हार्डवेअर नाही, आणि चालू मशीनला कोण हात लावू देतंय! मिरजेत एका क्लासमध्ये चौकशी केली तर सगळं सिम्युलेटरवरच.

शिफ्ट ड्युटी असल्यामुळे पुण्याला राहणं जमणार नाही. खर्च वीस हजारांच्या आत हवा. इंग्रजी मॅन्युअल वाचता येतं. "सोलर कर" म्हणून कृपया सांगू नका. सूर्यघर योजनेमुळे छतावरची कामं निघालीत हे खरं, पण मला कारखान्यातच राहायचंय.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात खऱ्या पीएलसी-व्हीएफडीवर हात बसवून घेणारं कुणी आहे का? की सेकंडहँड पीएलसी घेऊन घरीच सुरू करू, आणि मग अ‍ॅनालॉग इनपुट असलेला कोणता घेऊ?